बाबांची बुद्धपौर्णिमा थायलंडमध्ये, पण १ मे रोजी नाही

पत्र

आम्ही अकोल्याचे. बाबा एसटीतून निवृत्त झाले, आता ७२ वर्षांचे आहेत. दरवर्षी दीक्षाभूमीला जातात. बोधगया आणि सारनाथही करून आले. एखाद्या बौद्ध देशात बुद्धपौर्णिमा पाहायची, एवढी एकच इच्छा ते अधूनमधून बोलून दाखवतात. यंदा, २०२६ मध्ये, १ मेची पौर्णिमा धरून आईबाबा, मी, माझी दोन मुलं आणि धाकटा भाऊ असे आम्ही थायलंडला जायचं म्हणतोय. टूरवाला सांगतो, सणाच्या दिवसांत जाऊच नका, सगळं बंद असतं, पैसे फुकट जातील. भाऊ म्हणतो, एप्रिलमध्ये पाण्याचा सण असतो तेव्हा जाऊ, नाहीतर नोव्हेंबरमध्ये आकाशात कंदील सोडतात तेव्हा. मी शिक्षिका आहे, मला मोठी सुट्टी मेमध्येच मिळते. बाबांचे गुडघे दुखतात. काय करावं?
– एक वाचक, अकोला

उत्तर

ताई, तिकिटं काढली नसतील तर दोन दिवस थांबा. १ मे ही आपली बुद्धपौर्णिमा आहे, थायलंडची नाही. तिथे ती यंदा ३१ मे रोजी, रविवारी आहे. १ मेला गेलात तर बँकॉकमध्ये सुट्टी दिसेल, पण ती कामगार दिनाची. विहारात त्या दिवशी एरवीच्या पौर्णिमेइतकीच वर्दळ असेल आणि बाबा मनातून खट्टू होऊन परततील.

हा महिन्याचा फरक अधिक महिन्यामुळे पडतो. आपल्या पंचांगात अधिक महिना वेगवेगळ्या जागी येतो. यंदा तो ज्येष्ठात आहे, १७ मे ते १५ जून. थाई पंचांगातही अधिक महिना असतो, पण तो कायम आठव्या महिन्याला जोडून येतो, आणि ज्या वर्षी तो येतो त्या वर्षी त्याआधीचे दोन मोठे बौद्ध सण एकेक महिना पुढे जातात. म्हणून माघातली पौर्णिमा आपल्याकडे १ फेब्रुवारीला झाली आणि त्यांची माखा बुचा थेट ३ मार्चला, म्हणजे आपल्या होळीच्या पौर्णिमेला. वैशाखीचंही तेच. २०२३ मध्येही असंच झालं होतं, आपली ५ मेला आणि त्यांची ३ जूनला. अधिक महिना नसलेल्या वर्षी बहुतेक वेळा दोन्ही तारखा जुळतात किंवा एखाद्या दिवसाचाच फरक पडतो, त्यामुळे हे कुणाच्या लक्षात राहत नाही. तुमच्या टूरवाल्याच्याही राहिलं नसावं.

मला विचाराल तर ही तारीख तुमच्या सोयीचीच आहे. ३१ मेचा रविवार शाळा सुरू व्हायच्या आधीच येतो. २८ मेच्या गुरुवारी पोहोचा आणि ४ जूनला परत या. सण रविवारी आल्यामुळे सोमवारी, १ जूनला, तिथे बदली सुट्टी आहे, आणि ३ जूनला राणी सुथिदा यांच्या वाढदिवसाची सुट्टी. म्हणजे तुमच्या मुक्कामात कामाचे दिवस थोडेच. पण त्यावरून टूरवाल्याचं म्हणणं खरं ठरत नाही.

बंद असतात त्या सरकारी कचेऱ्या, बहुतेक बँका, शाळा आणि आपल्यासारख्यांच्या दृष्टीने काही वकिलातीही. पासपोर्ट हरवला तर मात्र अडचण होईल, म्हणून त्याची छायाप्रत वेगळ्या पिशवीत ठेवा. मॉल, हॉटेलं, रस्त्यावरच्या खाण्याच्या गाड्या, कोपऱ्याकोपऱ्यावरची सेव्हन-इलेव्हन दुकानं, मेट्रो, नदीतल्या बोटी हे सगळं चालू असतं. ग्रँड पॅलेस पाहायचा असेल तर आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या, कारण राजघराण्याचा एखादा विधी असला की काही भाग पाहुण्यांना बंद करतात. एरवी सुट्टीच्या दिवशी बँकॉक उलट हलकं वाटतं, कारण निम्मं शहर गावी गेलेलं असतं. त्याची दुसरी बाजू अशी की जोडून सुट्टी आली की गावी जाणाऱ्या गाड्या आणि बस भरून जातात. अयुथयाला किंवा चियांग मायला जायचा विचार असेल तर त्याचं आरक्षण आताच करा, किंवा शुक्रवारी संध्याकाळचा आणि सोमवारी रात्रीचा प्रवास टाळा.

आणि विहार? ते तर त्या दिवशी सगळ्यांत जास्त उघडे असतात. थाई लोक विहाराला ‘वाट’ म्हणतात. बाबांना जे पाहायचं आहे ते तिथे, आणि तेही नेमकं सुट्टीच्याच दिवशी. सणाच्या दिवशी जाऊ नका असा सल्ला देणाऱ्याला हॉटेल आणि खरेदी दिसते, बाबांची इच्छा दिसत नाही.

बाबांचे गुडघे लक्षात घेता मी ‘वाट बेंचमबोफित’ हे ठिकाण सुचवेन. दुसित भागात राजा चुलालोंगकोर्नने बांधायला घेतलेला हा संगमरवरी विहार. संगमरवर इटलीतल्या काराराहून आणलेला. मुख्य इमारतीभोवती सपाट फरसबंदी आहे, मागच्या ओवरीत वेगवेगळ्या काळांतल्या आणि देशांतल्या शैलींच्या पन्नासहून अधिक बुद्धमूर्ती ओळीने आहेत. बाबा दमले तर ओवरीत निवांत बसून त्या पाहू शकतील. वाट साकेतचा सोनेरी डोंगर फोटोत फार देखणा दिसतो, पण तिथे तीनशेच्या वर पायऱ्या आहेत. तो भावाला आणि मुलांना करू दे. नाखोन पाथोम प्रांतात बुद्धमोंथोन नावाचं मोठं उद्यान आहे, तिथे जवळपास १६ मीटर उंचीची चालत्या बुद्धाची मूर्ती आहे आणि या सणाला प्रचंड गर्दी लोटते. मुंबईला ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेला असाल तर गर्दीची कल्पना तुम्हाला आहेच. पण रात्री तिथून परतायला वाहन मिळणं अवघड, म्हणून वडीलधाऱ्यांसोबत नको.

बेंचमबोफितला दोनदा जा, पहाटे आणि संध्याकाळी.

पहाटे सहाच्या सुमाराला दान असतं. इतर ठिकाणी भिक्खू गल्लीतून ओळीने चालत जातात. इथे ते विहाराच्या बाहेर पात्र घेऊन उभे राहतात आणि लोक त्यांच्यापाशी येतात, त्यामुळे बाबांना धावपळ करावी लागणार नाही. भात, भाजी, फळं, पाण्याची बाटली असं बांधून ठेवलेलं दान आसपास विकत मिळतं. चपला काढायच्या, वस्तू हलकेच पात्रात ठेवायची, हात जोडायचे. तुम्ही, आई आणि मुलगी असेल तर मुलगी, कुणीही भिक्खूच्या अंगाला किंवा चीवराला हात लागू देऊ नका, आणि वस्तू त्यांच्या हातात देऊ नका. पात्राबाहेर काही द्यायचं असेल तर भिक्खू तुमच्यासमोर कापड पसरतील, त्यावर वस्तू ठेवायची. हा विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा नियम आहे, त्यात तुमचा अपमान नाही. दान झाल्यावर भिक्खू आशीर्वादाच्या गाथा म्हणतात आणि त्या वेळी लोक एका छोट्या भांड्यातून दुसऱ्या भांड्यात बारीक धारेनं पाणी सोडतात. ते पुण्य गेलेल्या माणसांना अर्पण करतात. आपल्याकडे पुण्यानुमोदन करतो तेच. बाबांना हे आधी सांगून ठेवा. आपल्या आईवडिलांची नावं मनात घेऊन ते पाणी सोडतील, आणि मला वाटतं, साऱ्या प्रवासातली ही गोष्ट ते घरी आल्यावर सगळ्यांत जास्त वेळा सांगतील.

संध्याकाळी प्रदक्षिणा. तिला ‘वियन थियन’ म्हणतात. दाराशी एक संच मिळतो, त्यात कमळाची कळी, तीन उदबत्त्या आणि एक मेणबत्ती. तिन्ही एकत्र दोन्ही तळव्यांत, नमस्कार करतो तसे धरायचे. आधी पठण आणि बहुधा प्रवचन होतं. अंधार पडल्यावर भिक्खू पुढे आणि लोक मागे, अशा विहार उजव्या हाताला ठेवून तीन फेऱ्या. पहिली बुद्धासाठी, दुसरी धम्मासाठी, तिसरी संघासाठी. कुणी कुणाला जात, देश, धर्म विचारत नाही. तुम्ही सामील झालात तर शेजारचा माणूस फार तर तुमची विझलेली मेणबत्ती स्वतःच्या मेणबत्तीनं पेटवून देईल. मुलांना एवढं बजावा की मेणबत्ती छातीजवळ धरायची आणि पुढच्याच्या केसांपासून लांब ठेवायची. मेण हातावर ओघळतं, म्हणून बुडाशी कागद गुंडाळा. फेऱ्या झाल्या की मेणबत्ती आणि उदबत्त्या वाळूच्या पात्रात खोचायच्या, कमळ तिथेच वाहायचं.

पठण सुरू झालं की बाबांकडे लक्ष द्या. थाई भिक्खूंचे उच्चार वेगळे आहेत, ‘भगवतो’चं ‘फखवतो’ होतं, ‘बुद्धं’चं ‘फुत्थंग’. पण पाली तीच, त्रिशरण आणि पंचशील तेच, क्रमही तोच. दोन ओळी कानावर पडल्या की बाबा आपल्या चालीत म्हणू लागतील. त्यांना थांबवू नका.

पावसाचं मात्र मनात धरा. मेअखेर बँकॉकला पाऊस लागलेला असतो, दुपारनंतर जोरदार सर येते आणि जाते. अकोल्याचा उन्हाळा काढलेल्याला ऊन काय सांगावं, पण तिथला उकाडा दमट आहे, घाम वाळत नाही. आईबाबांना दुपारी बारा ते चार हॉटेलच्या खोलीत विश्रांती द्या. राहायची सोय जुन्या शहरात किंवा दुसितजवळ करा, म्हणजे रात्री गर्दीतून लांब जावं लागणार नाही. कपडे सगळ्यांनीच खांदे आणि गुडघे झाकणारे घालावेत. बाबांचा पांढरा सदरा-पायजमा आणि आईची पांढरी साडी तिथे अगदी शोभेल, सणाच्या दिवशी कितीतरी थाई लोकही पांढऱ्या कपड्यांत येतात. बसताना तळपाय मूर्तीकडे किंवा भिक्खूंकडे करायचे नाहीत. बाबांना खाली बसणं जमत नसेल तर कडेला खुर्ची मागा, वृद्धांसाठी ती देतात.

आता एक गोष्ट, जी टूरवाला सांगणार नाही आणि तुमच्या घरासाठी महत्त्वाची आहे. बाबा बावीस प्रतिज्ञा घेतलेले, रोज पाळणारे असतील. थायलंडमध्ये त्यांना घरांच्या आणि दुकानांच्या बाहेर वास्तुदेवतेची छोटी देवळं दिसतील, तिच्यासमोर लाल सरबताच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतील. बँकॉकच्या ऐन बाजारपेठेत चतुर्मुख ब्रह्मदेवाचं एरावन स्थान आहे, तिथे सकाळपासून रात्रीपर्यंत माळा चढतात. गणपतीही जागोजाग आहे. काही विहारांत भविष्याच्या काड्या हलवून चिठ्ठी काढणारे लोक दिसतील, गळ्यात ताईत घातलेले दिसतील. ‘हा कसला बौद्ध देश?’ असं बाबांना वाटू शकतं, आणि त्यांच्या जागी ते वाटणं बरोबर आहे. बाबासाहेबांनी दिलेला धम्म आणि शतकानुशतकं राजाश्रयात, लोकांच्या जुन्या दैवतांसोबत वाढलेला थाई धम्म यांत हे अंतर आहेच. जाण्याआधीच घरी यावर मोकळेपणानं बोला. एरावनला जायची काही गरज नाही, टूरच्या यादीत असेल तर ते काढून टाका. भिक्खूंनी मनगटाला पांढरा दोरा बांधायला घेतला तर तो परित्राणपाठातल्या दोऱ्यासारखाच आहे. तरीही नको वाटला तर हात जोडून मान हलवली की पुरे, कुणाला राग येत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्यासाठी आणि आईसाठी. उत्तरेकडे, चियांग मायच्या बाजूला, काही विहारांत एखाद्या गाभाऱ्यासमोर ‘स्त्रियांना प्रवेश नाही’ अशी पाटी आहे. ती वाचून वाईट वाटतं. मला तिचं समर्थन करता येत नाही आणि तुम्ही करावं असंही मी म्हणणार नाही. ते ठिकाण सोडून द्या आणि मुलांनी कारण विचारलं तर खरं सांगा. बँकॉकमध्ये मी सांगितलेल्या विहारांत अशी अडचण नाही.

आता भावाबद्दल. पाण्याचा सण म्हणजे सोंगक्रान, १३ ते १५ एप्रिल. २०२३ मध्ये युनेस्कोनं तो मानवी वारशाच्या यादीत घेतला. त्याचा मूळ भाग फार मायेचा आहे, बुद्धमूर्तीला सुवासिक पाण्यानं स्नान घालतात, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातांवर पाणी ओतून आशीर्वाद घेतात. पण सिलोम आणि खाओ सान रस्त्यावर जे चालतं त्यात ७२ वर्षांच्या माणसाला नेणं चुकीचं आहे. ढकलाढकली, निसरडे रस्ते, आणि त्या आठवड्यात देशभर अपघात इतके वाढतात की सरकार त्याला ‘सात धोक्याचे दिवस’ म्हणून मोजतं. छोट्या खाणावळी आणि दुकानंही त्या काळात खरोखर बंद असतात, टूरवाल्याचं म्हणणं इथे लागू पडतं. शिवाय १४ एप्रिल आहे. बाबा त्या दिवशी अकोला सोडून कुठेही येणार नाहीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

कंदिलांचा सण म्हणजे लॉय क्राथोंग आणि चियांग मायकडचा यी पेंग. तो थाई बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला, साधारण आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास येतो. केळीच्या खोडाच्या चकतीवर पानं-फुलं सजवून, दिवा लावून ती नदीत सोडतात, नदीची क्षमा मागतात. ही सार्वजनिक सुट्टी नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं. हजारो कंदील एकदम सोडतानाचे जे फोटो भावानं पाहिले असतील, ते बहुतेक शहराबाहेरच्या तिकीट लावलेल्या कार्यक्रमांचे असतात आणि ती तिकिटं महाग असतात. तेवढ्या काळात चियांग मायच्या काही विमानांच्या वेळाही बदलतात किंवा फेऱ्या रद्द होतात. भावानं मित्रांसोबत त्यासाठी वेगळं जावं, आईबाबांच्या सहलीत ते बसवू नये.

३१ मेबद्दल त्याला आधीच सांगून ठेवा. पाच मोठ्या बौद्ध दिवशी दारूविक्रीवर बंदी असते, मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. २०२५ पासून आंतरराष्ट्रीय विमानतळ, हॉटेलं आणि काही परवानाधारक ठिकाणांना सूट मिळाली आहे, पण दुकानांत मिळत नाही. कायदा काही असो, बाबा पंचशील घेणार त्या दिवशी एक दिवस त्यानं दारूशिवाय राहावं, एवढं मी मोठी बहीण म्हणून सांगते. आणि राजा किंवा राजघराण्याबद्दल एक अक्षरही चेष्टेत बोलायचं नाही, फोनवर लिहायचं नाही. तिथल्या फौजदारी कायद्याच्या कलम ११२ खाली एकेका गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे आणि परदेशी माणसालाही सूट नाही. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्थानकांवर आणि उद्यानांत राष्ट्रगीत लागतं, तेव्हा जिथे असाल तिथे उभं राहा.

बाबांना तिथून बुद्धमूर्ती आणावीशी वाटेल. मूर्ती देशाबाहेर नेण्यासाठी तिथल्या ललित कला विभागाचा परवाना लागतो. तुमच्या मुक्कामात शनिवार-रविवार, १ जून आणि ३ जून अशा सुट्ट्या आल्यामुळे तो वेळेत मिळणं कठीण आहे. विमानतळावर बाबांच्या हातून मूर्ती काढून घेतली जाणं मला सहन होणार नाही, तेव्हा परवाना नसलेली मूर्ती बॅगेत घालू नका. त्याऐवजी विहारात मिळणारी पाली गाथांची थाई पुस्तिका आणा.

आगमनाचं डिजिटल कार्ड तिथे पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं अधिकृत नाहीत. व्हिसाचे नियम मधूनमधून बदलतात, ते थाई दूतावासाच्या संकेतस्थळावरच पाहा, टूरवाल्याच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

आईबाबांचे पासपोर्ट मेअखेरपर्यंत हातात आले नाहीत तर घाबरू नका. २९ जुलैला त्यांची आसाळहा बुचा आहे, सारनाथच्या पहिल्या प्रवचनाचा दिवस, आणि यंदा ती आपल्या आषाढ पौर्णिमेच्याच तारखेला येते. दुसऱ्या दिवशी, ३० जुलैला, वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागीचा मुक्काम सुरू होतो. बाबांनी सारनाथ पाहिलं आहे, त्यांना त्या दिवसाचं मोल सांगावं लागणार नाही. उबोन रत्चथानीला त्या वेळी मेणाच्या प्रचंड कोरीव मेणबत्त्यांची मिरवणूक निघते, आणि साराबुरीच्या वाट फ्रा फुत्थबातमध्ये लोक भिक्खूंच्या पात्रांत अन्नाऐवजी रानफुलं घालतात. तुम्हाला शाळेतून चार दिवसांची रजा काढावी लागेल, तेवढाच प्रश्न. मुख्याध्यापकांना आतापासून सांगून ठेवा.